टेकडीची सुनावणी

"आई, परात कुठंय?"

ओट्याखालचं कपाट मी पुन्हा उघडून बघितलं. कुकर होता, तवे होते, झारे होते. परात नव्हती.

सासूबाई टेबलाशी बसून एका हाताने मटार सोलत होत्या. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. मान वर न करता त्या म्हणाल्या, "असेल गो कुठंतरी. त्या काचेच्या भांड्यात मळ."

"रोजची आपल्या तिघांची मावते. पाच माणसांची कणीक मावते का त्यात?"

"मग दोनदा मळ."

मी कपाट बंद केलं आणि त्यांच्याकडे बघत राहिले. घरातला एक चमचा जागेवर नसला तर चैन न पडणारी ही बाई. आणि परात काही साधी नव्हती. त्यांच्या लग्नातली, पितळेची, चांगली ऐसपैस. गुहागरहून कॅनडाला येताना त्यांनी चार साड्या कमी घेतल्या होत्या, पण परात बॅगेच्या तळाशी घातली होती. विमानतळावर अधिकाऱ्याने ती बाहेर काढली, बोटाने वाजवून बघितली आणि माझ्या नवऱ्याला, उपेंद्रला, विचारलं की हे कसलं वाद्य आहे. हा किस्सा आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. आता तीच परात घरातून नाहीशी झाली होती आणि त्या मटार सोलत होत्या.

"तळघरात बघून येऊ का?"

"काही नको. सापडेल म्हटलं ना."

तेवढ्यात उपेंद्र फोन खिशात टाकत आत आला.

"गॉर्डनशी बोललो. सुनावणी गुरुवारी संध्याकाळी, लायब्ररीच्या हॉलमध्ये. आई, तू पहिल्या रांगेत बसायचंस. प्लास्टर दिसलं पाहिजे."

"मी काय गणपतीची आरास आहे का रे, दिसायला?"

"तुला बोलायचं नाहीये काही. बोलेन मी. तू फक्त बस."

आईंच्या बोटांतून एक दाणा निसटला आणि फरशीवरून घरंगळत गेला. तो फ्रिजखाली दिसेनासा होईपर्यंत त्या त्याच्याकडे बघत होत्या.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. आम्ही तेव्हा ओंटारिओतल्या एका मध्यम शहरात राहत होतो. घरापासून हाकेच्या अंतरावर नगरपालिकेचं पार्क होतं आणि पार्कात एक टेकडी. आपल्याकडे तिला कुणी टेकडी म्हटलं नसतं, उंचवटा म्हटलं असतं. पण तिथला मुलूख ताटासारखा सपाट, त्यामुळे शहराला तिचं भारी कौतुक. हिवाळ्यात ती पांढरीशुभ्र झाली की मुलं स्लेडवर बसून घसरायला यायची. दोन्ही पाय एका फळीला बांधून उभ्याने घसरणारे स्नोबोर्डवाले मात्र तिथे चालत नसत. मोठ्या पोरांनी मागणी केली म्हणून त्या वर्षी नगरपालिकेने त्यांना एका हिवाळ्यापुरती परवानगी दिली, आणि पुढे कायमची द्यायची की नाही ते सुनावणी घेऊन ठरवायचं, असं जाहीर केलं. तेव्हापासून आमच्या वस्तीत दोन तट पडले होते.

आम्ही कुठल्याच तटात नव्हतो. आम्हाला कुणी विचारलंही नव्हतं. त्या गल्लीत आमचा तो चौथा हिवाळा होता, आणि तोवर शेजाऱ्यांनी आमची बेल वाजवली असेल तर ती गाडी बाजूला घ्या, हे सांगायला.

मग आई पडल्या.

जानेवारीतली शनिवारची सकाळ होती. आई रोजच्यासारख्या पार्कात फिरायला गेल्या होत्या. साडीखाली उपेंद्रची गरम विजार, वर त्याचाच जुना कोट, गळ्यात शाल, पायात माझे बर्फाचे बूट, हातात कापडी पिशवी. पिशवी कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "सवय," त्या म्हणाल्या होत्या. बेल वाजली म्हणून मी दार उघडलं, तर आई एका उंच मुलीच्या खांद्यावर भार टाकून उभ्या. मुलीच्या डोक्यावर हेल्मेट, अंगात जांभळं जाकीट, दुसऱ्या हातात स्नोबोर्ड, पाठीवर त्याची लांब पिशवी. आईंचा चेहरा पांढराफटक पडला होता, एक पाय त्या टेकत नव्हत्या आणि डावा हात त्यांनी उजव्या हाताने छातीशी धरला होता.

"हिने धडक दिली का तुला?" उपेंद्रने दारातूनच विचारलं.

"मला आधी बसू दे रे."

मुलगी सारखी म्हणत होती, मला फार वाईट वाटतंय, फार वाईट वाटतंय. उपेंद्रने तिला नाव विचारलं. टेसा, ती म्हणाली. त्याने ते फोनमध्ये लिहून घेतलं. हॉस्पिटलमध्ये पोहोचेपर्यंत त्याच्या डोक्यात सगळी घटना रचून तयार होती.

एक्स-रेसाठी थांबलो असताना आई म्हणाल्या, "माझी मी पडले. त्या पोरीने काही केलं नाही."

"आई, तू ना, कुणालाही पाठीशी घालतेस. जोशांच्या बैलाने ढुशी दिली तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस."

"बैलाला मी दिसले नव्हते."

"बघ!" उपेंद्र माझ्याकडे वळून म्हणाला. आईंनी मान फिरवली. मुलगा आपल्याला देवमाणूस समजतोय, त्याला किती वेळा सांगायचं?

घरी आल्यावर त्याने दोन गोष्टी केल्या. पहिली, नगरपालिकेकडे तक्रार. दुसरी, आईंना ताकीद. "आता एकटीने टेकडीकडे जायचं नाही. परत असं काही झालं तर मी सरळ तिकीट काढतो. पुण्याला ताईकडे राहा."

ताईंचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर होता आणि तिथली लिफ्ट आठवड्यातून चार दिवस बंद असायची. आईंनी एक वर्ष तिथे काढलं होतं. त्या वर्षाबद्दल त्या एवढंच सांगत, की खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसायची.

तक्रारीची बातमी वस्तीत पसरली आणि आमचं दार वाजू लागलं. कुणी सूप आणलं, कुणी केक. रहिवासी संघाचे अध्यक्ष गॉर्डन पेनी स्वतः फुलं घेऊन आले. निवृत्त मुख्याध्यापक, सावकाश बोलणारे, सभ्य गृहस्थ. बोर्डवाल्यांच्या विरोधात ते सुरुवातीपासून होते. उपेंद्रच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "हा आता तुमच्या एकट्याचा प्रश्न नाही." त्या रात्री जेवताना उपेंद्र म्हणाला, "चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला आपलं म्हटलं." त्याला किती बरं वाटलं होतं, ते मला दिसत होतं.

म्हणून आज पेनी नवरा-बायकोला जेवायला बोलावलं होतं, आणि परात सापडत नव्हती.

कणीक मी दोनदा मळली. गॉर्डननी पोळी काट्याने खाल्ली आणि मटार उसळीची तारीफ केली. मग विषयावर आले.

"माझं त्या मुलांशी वैर नाही," ते म्हणाले. "पण पार्क लहानांचं आणि म्हाताऱ्यांचं आहे. नगरपालिका म्हणते, झेंडे लावून टेकडीचे दोन भाग करू. झेंड्यांना कोण विचारतं? अशी एक मुलगी वेगाने आली की संपलं. यांच्याकडेच बघा."

सगळ्यांनी आईंकडे बघितलं. इंग्रजी त्यांना तुटकतुटक कळायचं. त्या हसल्या आणि गॉर्डनच्या ताटात अजून एक पोळी वाढली.

पाहुणे गेल्यावर त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. तिथून टेकडीचा माथा तेवढा दिसायचा.

"त्या पोरांना खरंच बंद करणार गो?"

"बहुतेक. आपली तक्रार आहे ना, तिचंच वजन पडणार."

"मग ती कुठं जातील?"

"दोन तासांवर मोठा डोंगर आहे. तिथे जातात म्हणे सगळे."

"तिच्याकडे कुठं आहे गाडी," आई म्हणाल्या.

"कोणाकडे?"

"कुणाकडेच. पोरं ती. पोरांकडे कुठून असणार गाड्या!" त्यांनी पडदा ओढला.

सोमवारी मी कामावरून परतताना मुद्दाम पार्कातून आले. अंधार पडायला थोडा वेळ होता. टेकडीच्या पायथ्याशी ते जांभळं जाकीट दिसलं. टेसा एका लहान मुलीला बोर्डवर तोल कसा सांभाळायचा ते दाखवत होती, तिचे गुडघे हाताने वाकवून देत होती. मला बघितल्यावर ती धावत आली. मी मनातल्या मनात दोनचार कडक वाक्यं जुळवून ठेवली होती.

"आजी कशी आहे?" तिने विचारलं.

इंग्रजी वाक्यात मधेच "आजी". "आ" जरा जास्तच लांब, पण आजीच.

"तुला हा शब्द कुणी शिकवला?"

"तिनेच. मी मिसेस आरेकर म्हणायचे, ते तिला आवडत नव्हतं. हात दुखतो का अजून? पाय?"

"म्हणजे तुमची आधीपासून ओळख आहे?"

टेसाने ओठ मिटले. मग टेकडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मला सांगता येणार नाही. मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

"तेही सांगता येणार नाही."

"टेसा, गुरुवारी ही टेकडी तुझ्यासाठी बंद होईल. तुझ्या नावाने तक्रार आहे."

"माहितेय. नगरपालिकेचं पत्र आलंय." ती बुटाच्या टोकाने बर्फ उकरत राहिली. "मोठ्या डोंगरावर बस जात नाही. इथलं बंद झालं, की माझं बंद झालं. पण शब्द दिलाय ना."

घरी आल्यावर मी आईंना सरळ विचारलं, "टेसा तुम्हाला आजी म्हणते?"

त्या एका हाताने भाजी निवडत होत्या. एक देठ बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "चांगली पोर आहे. जेवलीस का, विचारते."

"मराठीत?"

"खुणांनी. तू काय माझी उलटतपासणी घेत्येस?"

"उपेंद्रला सांगायचं का मी हे?"

"काय सांगणार आहेस? मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. त्याने ऐकलं का?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "शलाका, मला परत ताईकडे नाही जायचं. ती खिडकी नको वाटते."

एवढं बोलून त्यांनी भाजीत डोकं घातलं. मी जास्त ताणलं नाही. काहीतरी आहे हे कळत होतं. काय आहे, ते कळत नव्हतं.

गुरुवारी हॉल भरला होता. समोर लांब टेबलामागे समितीचे सात सदस्य, मधोमध अध्यक्षा, छोटे पांढरे केस आणि नाकावर चष्मा. उजवीकडे गॉर्डन आणि संघाची मंडळी, डावीकडे बोर्डवाली मुलं आणि त्यांचे आईबाप. आई पहिल्या रांगेत बसल्या, माझ्या आणि उपेंद्रच्या मधे, नेसूची निळी साडी, वर कोट. टेसा सगळ्यात मागे भिंतीला टेकून उभी होती. खांद्यावर बोर्डाची लांबलचक पिशवी.

पार्क खात्याच्या माणसाने टेकडीचा नकाशा दाखवला. डावी बाजू बोर्डांना, उजवी स्लेडना, मधे झेंडे. गॉर्डन उठले आणि शांतपणे, मुद्देसूद बोलले. उभ्याने येणाऱ्याला पायथ्याचं मूल वेळेवर दिसत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. मग उपेंद्र उभा राहिला. त्याने लिहून आणलं होतं. आई कशी रोज शांतपणे फिरायला जायची, विधवा बाई, परका देश, आणि कसं एका बेफिकीर मुलीने तिला उडवलं. "माझ्या आईने तक्रारीचा शब्दही काढला नाही," तो म्हणाला. "ती काढणारच नाही. म्हणून मी बोलतोय." डावीकडचे लोकसुद्धा खाली बघू लागले.

अध्यक्षांनी चष्म्यावरून मागे बघितलं. "मिस टेसा इथे आहेत का? यावर तुम्हाला काही सांगायचंय?"

टेसा भिंतीपासून सरळ झाली. "मी त्यांना धडकले नाही."

"मग काय झालं?"

"ते मला सांगता येणार नाही."

हॉलमध्ये कुजबुज झाली. गॉर्डननी मान हलवली.

"हे तुमच्या हिताचं नाही, कळतंय ना तुम्हाला?" अध्यक्षा म्हणाल्या. "समितीपुढे एकच बाजू राहील."

"कळतंय," टेसा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

आईंनी माझ्या दंडाला धरलं. "काय म्हणाली ती?"

"म्हणते, मी धडकले नाही."

"आणि?"

"काय झालं ते सांगणार नाही म्हणते. तिने कुणाला तरी शब्द दिलाय."

"आणि ती बाई काय म्हणाली?"

"की मग टेकडी जाणार तिची."

आई उठल्या. पाय अजून पुरता बरा नव्हता, त्यामुळे खुर्चीला धरून, सावकाश. उपेंद्रने त्यांचा कोट ओढला. "आई, बस. तुला बोलायचं नाहीये."

"तू गप्प बस. तू पुष्कळ बोललास." त्या माझ्याकडे वळल्या. "शलाका, त्या पोरीला सांग, माझी परात दे म्हणावं."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चुकलं. पण टेसाने "परात" हा शब्द ओळखला होता. तिने आईंकडे बघितलं, आईंनी मान डोलावली. मग तिने बोर्डाची पिशवी खाली ठेवली, चेन उघडली आणि आतून एका टॉवेलात गुंडाळलेली वस्तू काढून मधल्या वाटेने पुढे आली. टॉवेल सुटला. पितळ दिव्यांखाली लखलखलं.

काठावर नाव होतं. लग्नात दिलेल्या भांड्यांवर घालतात तसं, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. मी ते मोठ्याने वाचलं: "चि. सौ. कां. इंदू हिस मामांकडून, १९६५." आणि मग अध्यक्षांसाठी इंग्रजीत सांगितलं, की ही यांच्या लग्नातली भेट आहे आणि आम्ही यात कणीक मळतो.

परातीच्या एका बाजूला मोठा पोचा पडला होता. तो आधी नव्हता.

"हिचा या प्रकरणाशी काय संबंध?" अध्यक्षांनी विचारलं.

मी आईंकडे बघितलं. त्या बोलू लागल्या आणि मी मागोमाग इंग्रजी करू लागले.

"मी यात बसून घसरत होते," आई म्हणाल्या.

मी थांबले.

"सांग ना गो."

मी सांगितलं. समितीतल्या दोघांनी पुढे वाकून परातीकडे बघितलं.

"आमच्या गावाला पोफळीच्या बागा आहेत. पोफळीचं झावळं गळून पडतं ना, त्याच्या बुडाला विरी असते, ही एवढी रुंद. चामड्यासारखी. एकाने तिच्यावर बसायचं, दुसऱ्याने झावळाचा शेंडा धरून ओढायचं. बागेमागे उतार होता, तिथून आम्ही भावंडं विरीवर बसून खाली यायचो. मी सगळ्यात लांब जायचे. मग मला साडी नेसवली आणि ते संपलं." त्यांनी कोट सावरला. "इथे आले, तर ही एवढी पोरं घसरतायत. मी बाकावर बसून रोज बघायचे. एक दिवस परात घेऊन गेले. सकाळी लवकर, कुणी नसतं तेव्हा. ही पोरगी असायची. हसली नाही मला. उलट परातीच्या बुडाला मेणबत्ती घासून दिली, बरं सरकावं म्हणून. आणि सांगून ठेवलं होतं, आजी, हात मागे टेकायचा नाही. त्या दिवशी मी टेकला."

विरीला इंग्रजी शब्द मला सुचला नाही. मी तो तसाच ठेवला आणि हाताने आकार दाखवला. समितीतल्या एका सदस्याने मला तो पुन्हा उच्चारायला लावला.

"पडल्यावर मला चालवेना. हिने स्वतःचा बोर्ड काढला, मला त्यावर बसवलं, माझी शाल त्याला दोरीसारखी बांधली आणि ओढत घरापर्यंत आणलं. पायऱ्यांपाशी उभं केलं, म्हणून तुम्हाला मी उभी दिसले. परात मीच तिच्या पिशवीत कोंबली, घरात कळू नये म्हणून." आई आता उपेंद्रकडे बघत होत्या. "हात मोडला होता, मला कळत होतं. पण खरं सांगते, सगळ्या वाटेत मला मजा वाटत होती. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला ओढत होतं."

ते वाक्य मी शब्दशः इंग्रजीत सांगितलं.

पहिले हसले ते गॉर्डन. कुचेष्टेचं नाही, अगदी मनापासून, डोळे पुसत. मग सगळा हॉल हसला. पण हसू ओसरल्यावर ते उठून म्हणाले, "मॅडम, मी तुमची माफी मागतो, या मुलीचीही. तरी माझा प्रश्न राहतोच. उभ्याने येणाऱ्याला समोरचं दिसत नाही."

मी ते आईंना सांगितलं.

"उलटं आहे त्यांचं," आई म्हणाल्या. "उभ्याला दिसतं. मी बसले होते, मलाच काही दिसलं नाही. पण लहान पोरांना जपायला हवं, ते बरोबर. आमच्या ओढ्यावर वरच्या अंगाला पिण्याचं पाणी भरतात, खाली धुणं, त्याच्याखाली गुरं. वाटून घेतलंय. झेंडेसुद्धा नाहीत."

गॉर्डन खाली बसले. थोडा विचार करून म्हणाले, "झेंडे असतील आणि लक्ष ठेवायला माणूस असेल, तर संघ विरोध मागे घेईल."

मतदान झालं. सातांपैकी पाच जणांनी हात वर केले. डावी बाजू बोर्डांना, उजवी स्लेडना, शनिवार-रविवारी एक देखरेख करणारा. अध्यक्षांनी कागद आवरता आवरता विचारलं, "आणि परात कोणत्या बाजूला?"

"उजव्या," टेसा म्हणाली. "पण हेल्मेट घालून."

आम्ही गाडीने परत निघालो. आईंनी परात मांडीवर धरली होती. सिग्नलला थांबल्यावर उपेंद्र म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. माझी मी पडले म्हटलं."

"परातीचं नाही सांगितलंस."

"तू तिकीट काढलं असतंस."

सिग्नल हिरवा झाला तरी तो निघाला नाही. मागच्याने हॉर्न दिला. तेव्हा त्याने गाडी सुरू केली आणि पुढच्या वळणावर वळवली.

"सगळ्यात लांब जायचीस?" त्याने मधेच विचारलं.

"भावांपेक्षा लांब. विहिरीपर्यंत."

"कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस? मी काय, तुझी आई होते ना."

दुसऱ्या दिवशी त्याने टेसाला फोन केला. काय बोलला ते मला माहीत नाही, कारण तो त्यासाठी तळघरात गेला होता. वर आला तेव्हा त्याच्या हातात मेणबत्ती होती.

आईंचं प्लास्टर मार्चच्या मध्यावर निघालं. टेकडीवर शेवटचा बर्फ होता, कडेकडेने गवत दिसायला लागलेलं. रविवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. झेंडे लागले होते, केशरी रंगाचे. डावीकडे टेसा त्याच लहान मुलीला शिकवत होती. आम्हाला बघून तिने हात हलवला. आईंचा मोडलेला हात अजून बारीक दिसत होता, डॉक्टरांनी एवढ्यात काही करू नका म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे आई नुसत्या बघायला आल्या होत्या. तसं त्यांनी घरातून निघताना तीनदा सांगितलं.

उपेंद्र टेकडीच्या माथ्यावर उभा राहिला. काखेत परात, डोक्यावर टेसाने दिलेलं हेल्मेट. आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही ना, ते त्याने बघून घेतलं. गॉर्डन नातवाला घेऊन स्लेडच्या रांगेत उभे होते. त्यांनी हॅट वर करून दाखवली. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

"मी फक्त बघतोय, पोच्यामुळे ती वाकडी जाते का ते," तो आईंना म्हणाला. "पुढच्या वर्षी तुला त्रास नको."

"हो रे, बघ," आई म्हणाल्या.

तो परातीत बसला. पाय कुठे घ्यायचे ते त्याला कळेना. एक आत घेतला, दुसरा आत घेतला, दोन्ही हातांनी काठ धरला, मग एक हात सोडून तोल सावरायला मागे नेला.

आई पुढे झाल्या आणि बऱ्या हाताने त्यांनी त्याला पाठीत एक जोरदार धक्का दिला.

"हात मागे टेकू नको रे!"